मौनाचे निदान : राउटरवरील सुरक्षित देखरेख का अडते?

बालरोगतज्ज्ञाने राउटरवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. विषय अभियंत्यांचा आहे, हे मान्य. परंतु गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या रुग्णालयांचे रूप पालटले. पूर्वी केसपेपर, एक्स-रेची फिल्म आणि प्रयोगशाळेची चिठ्ठी हातोहात फिरत असे. आज या तिन्ही गोष्टी तारेतून फिरतात. बडोद्याच्या उत्तरेला, कालपरवापर्यंत गाव म्हणवणाऱ्या छाणीतील लहानशा रुग्णालयातही नवजात कक्षाचा मध्यवर्ती पडदा, रक्ततपासणीचे अहवाल, औषधांचा साठा आणि विमा कंपनीची मंजुरी हे सारे एका छोट्या पेटीवर अवलंबून असते. ती पेटी म्हणजे राउटर. ती बंद पडली तर पाच मिनिटांत सर्वांना कळते. ती चालू असताना तिच्यावरची नजर बंद पडली, तर मात्र कोणालाच काही कळत नाही. प्रस्तुत लेख या दुसऱ्या, अधिक फसव्या अवस्थेविषयी आहे.

आम्हा बालरोगतज्ज्ञांना बोलता न येणाऱ्या रुग्णांची सवय असते. मोठ्याने रडणारे बाळ आईला घाबरवते. आम्हाला निपचित पडलेले बाळ अधिक घाबरवते. रडणे हा एक प्रतिसाद आहे, त्यातून पुष्कळ कळते. प्रतिसादच नसणे ही निराळी अवस्था आणि तिचे निदानही निराळे. राउटरच्या देखरेखीत नेमका हाच भेद मोलाचा ठरतो. राउटर ‘नाही’ म्हणतो आहे, की गप्प आहे? हा प्रश्न प्रथम विचारला, तर अर्धे निदान तेथेच होते. तो न विचारता जो उपाय केला जातो, तो बहुधा सुरक्षिततेचे कुलूपच काढून टाकण्याचा असतो. तसे का करू नये आणि त्यावाचून निदान कसे करावे, हे सांगण्याचा हा प्रयत्न आहे.

देखरेख म्हणजे नेमके काय?

जाळ्यातील उपकरणांची प्रकृती दुरून विचारण्यासाठी जी भाषा वापरतात, तिचे नाव सिंपल नेटवर्क मॅनेजमेंट प्रोटोकॉल, संक्षेपाने एसएनएमपी. तिची पहिली आवृत्ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. रचना साधी आहे. एका बाजूला देखरेखीचा संगणक असतो. तो ठरावीक वेळाने प्रश्न विचारतो. दुसऱ्या बाजूला राउटर, स्विच, यूपीएस अशा उपकरणांत बसवलेला एक लहान कार्यक्रम असतो. तो उत्तर देतो. त्याला ‘एजंट’ म्हणतात. प्रश्न उपकरणाच्या १६१ क्रमांकाच्या दारावर जातात. काही बिघडले आणि उपकरणाला आपण होऊन ओरडावेसे वाटले, तर तो संदेश देखरेखीच्या संगणकाच्या १६२ क्रमांकाच्या दारावर येतो.

प्रत्येक प्रश्नाला एक आकडेवारी पत्ता असतो. उदाहरणार्थ, १.३.६.१.२.१.१.३.० या पत्त्यावर ‘एजंट सुरू होऊन किती वेळ झाला’ याचे उत्तर मिळते, तेही सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजलेले. कोणत्या तारेतून किती माहिती गेली, किती तुकडे खराब निघाले, हेही असेच विचारता येते. यूपीएसच्या प्रश्नावलीचे प्रमाण १९९४ साली ठरले. ‘बॅटरीवर अंदाजे किती मिनिटे उरली आहेत’ हा प्रश्न तिच्यात आहे. इन्क्युबेटर आणि व्हेंटिलेटर चालवणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला या एका प्रश्नाचे मोल वेगळे सांगावयास नको.

‘पब्लिक’ नावाची किल्ली

पहिल्या आवृत्तीत, आणि ‘व्ही-टू-सी’ या नावाने रूढ झालेल्या दुसऱ्या आवृत्तीतही, ओळख पटवण्यासाठी एकच शब्द असतो. त्याला ‘कम्युनिटी’ म्हणतात. वाचण्यासाठी ‘पब्लिक’ आणि बदल करण्यासाठी ‘प्रायव्हेट’ हे शब्द अनेक उपकरणांत कारखान्यातूनच घातलेले येत. शिवाय हा शब्द तारेतून उघडा जातो. वाटेत कोणी कान देऊन बसला असेल तर त्याला तो जसाच्या तसा वाचता येतो. आपल्याकडे जकात केव्हाच बंद झाली, पण ‘छाणी जकातनाका’ हे नाव राहिले आहे. नाक्यावर अडवणारे मात्र कोणी नाही. ‘पब्लिक’ हा शब्द अशाच नाक्यासारखा आहे.

“आमच्या राउटरमध्ये रुग्णाची माहिती कोठे असते?” असे काही सहकारी विचारतात. प्रश्न रास्त आहे. एसएनएमपीच्या उत्तरांत रुग्णाचे नाव नसते, रक्तगट नसतो. परंतु तिच्यात रुग्णालयाच्या जाळ्याचा नकाशा असतो: कोणते उपकरण कोठे आहे, त्याची बनावट कोणती, त्यातील प्रणाली किती जुनी, कोणती तार कोणीकडे जाते. घरफोडी करणाऱ्याला दागिन्यांच्या यादीपूर्वी घराचा नकाशा हवा असतो. आणि लिहिण्याची किल्लीही सोपी असेल, तर राउटरची मांडणीच बाहेरून बदलता येते.

ही भीती काल्पनिक नाही. १८ एप्रिल २०२३ रोजी ब्रिटन व अमेरिका यांच्या सायबर सुरक्षा संस्थांनी एक संयुक्त इशारा प्रसिद्ध केला. रशियाच्या लष्करी गुप्तचर यंत्रणेशी संबंधित गटाने २०२१ मध्ये सिस्कोच्या राउटरमध्ये एसएनएमपीच्या वाटेने प्रवेश केल्याचे त्यात सांगितले होते. सहज ओळखता येणारे कम्युनिटी शब्द, आणि २०१७ सालीच दुरुस्ती उपलब्ध होऊनही अद्ययावत न केलेली उपकरणे, ही त्यांची दोन साधने होती.

आपल्या देशातील उदाहरण तर सर्वांच्या स्मरणात असेल. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर खंडणीखोर हल्ला झाला. नोंदणीपासून प्रयोगशाळेच्या अहवालांपर्यंतची कामे कित्येक दिवस कागदावर चालवावी लागली. पाच सर्व्हर बाधित झाले आणि सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, असे सरकारने संसदेत सांगितले; जाळ्याचे योग्य विभाजन नसणे हे कारणही नमूद केले. या घटनेत एसएनएमपीचा हात होता असे माझे म्हणणे नाही. जाळ्याची मांडणी हा आता रुग्णसेवेचाच भाग झाला आहे, एवढाच बोध त्यातून घ्यावयाचा.

तिसऱ्या आवृत्तीची रचना

एसएनएमपीची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००२ मध्ये प्रमाण म्हणून निश्चित झाली. तिच्यात सुरक्षिततेच्या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर फक्त वापरकर्त्याचे नाव सांगितले जाते. दुसऱ्या पायरीवर नावाबरोबर प्रत्येक संदेशावर गणिती सही असते. तिसऱ्या पायरीवर सहीबरोबर मजकूरही सांकेतिक केलेला असतो. रुग्णालयात तिसरीच पायरी वापरावी.

सही करण्याच्या पद्धतींत एमडी-फाइव्ह आणि शा-वन या जुन्या. शा-टू कुटुंबातील पद्धती पुढे प्रमाणात आल्या. मजकूर झाकण्यासाठी आरंभी डीईएस ही पद्धत होती. २००४ साली १२८ बिटांची एईएस आली. १९२ व २५६ बिटांच्या एईएसची किल्ली कशी तयार करावी, याबाबत निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे मार्ग धरले. त्यामुळे दोन्ही बाजूंना ‘एईएस २५६’ असे लिहिलेले असूनही संवाद जुळत नाही, असा अनुभव येतो.

पुढील निदानासाठी तीन गोष्टी नीट समजून घ्याव्यात.

पहिली गोष्ट : प्रत्येक एजंटला स्वतःचा एक ओळखक्रमांक असतो. त्याला ‘इंजिन आयडी’ म्हणतात. आपण दिलेला पासवर्ड जसाच्या तसा वापरला जात नाही. त्यापासून तयार केलेली किल्ली या क्रमांकाशी बांधली जाते. एका राउटरची किल्ली चोरली तरी ती दुसऱ्याला लागू नये, हा त्यामागचा हेतू. परंतु त्याचाच परिणाम असा, की इंजिन आयडी बदलला की जुनी किल्ली निरुपयोगी होते.

दुसरी गोष्ट : कोणी जुना संदेश टिपून ठेवून नंतर पुन्हा पाठवू नये, म्हणून वेळेचे बंधन आहे. हे घड्याळ भिंतीवरचे नव्हे. एजंट किती वेळा सुरू झाला आणि शेवटी सुरू झाल्यापासून किती सेकंद लोटले, असे दोन आकडे तो राखतो. देखरेखीच्या संगणकाच्या संदेशातील आकडे यांच्याशी १५० सेकंदांपेक्षा अधिक विसंगत असतील, तर संदेश नाकारला जातो.

तिसरी गोष्ट : ओळख पटणे आणि परवानगी असणे या दोन भिन्न बाबी आहेत. वापरकर्ता एखाद्या गटात असतो आणि त्या गटाला ठरावीक भागच पाहता येतो. त्या भागाला ‘व्ह्यू’ म्हणतात. रुग्णाच्या नातेवाइकाला ओळखपत्र पाहून आत सोडले, तरी त्याला शस्त्रक्रियागृहात जाता येत नाही, तसेच हे.

आमच्याकडील एक प्रकरण

एका पावसाळ्यात विजेच्या लोळामुळे आमच्या रुग्णालयातील राउटर निकामी झाला. पुरवठादाराने दुसऱ्या दिवशी नवा बसवला आणि जुन्या राउटरच्या मांडणीची जपून ठेवलेली प्रत त्यात उतरवली. इंटरनेट सुरू झाले, अहवाल येऊ लागले, सर्वांचे समाधान झाले. परंतु देखरेखीच्या पडद्यावर राउटरचे चिन्ह लालच राहिले. तंत्रज्ञाचे म्हणणे असे, की काम चालू आहे तर लाल चिन्हाकडे पाहू नये. फारच खटकत असेल तर तिसरी आवृत्ती काढून ‘पब्लिक’ घालून देतो, दोन मिनिटांचे काम आहे.

‘लाल चिन्हाकडे पाहू नका’ हा सल्ला नवजात कक्षात काम करणाऱ्याला मानवणे कठीण. मॉनिटरचा गजर उगाच वाजत राहिला, की परिचारिकांचे कान त्याला सरावतात आणि खरा गजर वाजतो तेव्हा कोणी वळून पाहत नाही, हे आम्ही जाणतो. रोज लाल दिसणारे चिन्ह म्हणजे असाच सरावलेला गजर. उद्या यूपीएसचे चिन्ह त्याच्या शेजारी लाल झाले, तर रात्रपाळीतील कोणाच्या ते ध्यानात येणार?

माझा भाचा पुण्यात संगणक-जाळ्यांचे काम करतो. त्याला दूरध्वनी केला. तो म्हणाला, “मामा, कुलूप तोडण्याची घाई करू नका. आधी मला सांगा, तो गप्प आहे की ‘नाही’ म्हणतो आहे?” त्याच्या सांगण्यावरून देखरेखीच्या संगणकावरून हाताने एक प्रश्न पाठवला. उत्तर तत्काळ आले : ‘या नावाचा वापरकर्ता माहीत नाही.’ म्हणजे वाट मोकळी होती, दार उघडे होते, आतून कोणी बोलतही होते. फक्त वापरकर्त्याची नोंद नव्हती.

कारण रंजक होते. काही राउटरमध्ये, सिस्कोच्या आयओएस प्रणालीतही, तिसऱ्या आवृत्तीच्या वापरकर्त्यांची नोंद मांडणीच्या वाचनीय प्रतीत दिसतच नाही. किल्ली बाहेर फुटू नये म्हणून ती वेगळी ठेवलेली असते. गट आणि व्ह्यू प्रतीत उतरतात, वापरकर्ता उतरत नाही. आमच्याकडे नेमके हेच घडले होते. वापरकर्ता नव्याने निर्माण केला आणि हाताने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळाले. तरीही पडद्यावरचे चिन्ह लालच! देखरेखीच्या संगणकाने त्या पत्त्यावरील जुन्या राउटरचा इंजिन आयडी लक्षात ठेवला होता. तो कार्यक्रम बंद करून पुन्हा सुरू केला, तेव्हा चिन्ह हिरवे झाले. ‘पब्लिक’ची गरज कोठेच पडली नाही. त्या उपायाने चिन्ह हिरवे झाले असते हे खरे, पण ‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ अशातला तो प्रकार ठरला असता.

निदानाचा क्रम

या अनुभवानंतर जो क्रम मी रुग्णालयाच्या वहीत लिहून ठेवला, तो येथे देतो. प्रश्न हाताने पाठवण्यासाठी ‘नेट-एसएनएमपी’ हा विनामूल्य संच उपलब्ध आहे. हे प्रश्न देखरेखीच्या संगणकावरूनच पाठवावेत. दुसऱ्याच संगणकावरून केलेली तपासणी दिशाभूल करते.

१. वाट तपासावी. राउटरला साधी हाक, म्हणजे ‘पिंग’, पोहोचते का ते पाहावे. पिंग पोहोचते याचा अर्थ १६१ क्रमांकाचे दारही मोकळे आहे असा नव्हे; मधली फायरवॉल एकाला सोडून दुसऱ्याला अडवू शकते.

२. संपूर्ण मौन असेल, तर पासवर्डशी झटू नये. एजंट चालू आहे का, राउटरवरील परवानगीच्या यादीत देखरेखीच्या संगणकाचा पत्ता आहे का आणि तो पत्ता अलीकडे बदलला आहे का, हे पाहावे. संगणकाला आपोआप मिळणारा पत्ता असेल, तर तो एखाद्या सकाळी बदलतो आणि राउटर त्याला परका समजून गप्प राहतो. राउटरला अनेक पत्ते असतात. प्रश्न एका पत्त्यावर गेला आणि उत्तर दुसऱ्या पत्त्यावरून निघाले, तर मधली फायरवॉल ते टाकून देते. हेही मौनासारखेच दिसते.

३. पहिल्या पायरीने विचारावे. फक्त नाव सांगून प्रश्न पाठवावा. यात पासवर्ड लागतच नाही. ‘वापरकर्ता माहीत नाही’ असे उत्तर आले, तर नोंद नाही किंवा नावाच्या अक्षरांत फरक आहे. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा भेद येथे पाळला जातो. ‘अधिकार नाही’ असे उत्तर आले, तर आनंद मानावा. नाव ओळखले गेले आहे आणि राउटर योग्य तेच करीत आहे.

४. दुसऱ्या पायरीने विचारावे. आता नावाबरोबर सही. ‘सही जुळत नाही’ असा नकार आला, तर पासवर्ड किंवा सहीची पद्धत, या दोहोंपैकी एक चुकले आहे. पुन्हा ‘अधिकार नाही’ असे उत्तर आले, तर सही जुळली. राउटर केवळ तिसऱ्या पायरीचा आग्रह धरतो आहे. या परीक्षेत पासवर्ड तारेतून जात नाही, आणि राउटरची कोणतीही मांडणी सैल करावी लागत नाही.

५. तिसऱ्या पायरीने विचारावे. दुसऱ्या पायरीवर प्रतिसाद आणि तिसरीवर एकाएकी मौन, असे झाले तर संशय गोपनीयतेच्या किल्लीवर घ्यावा. एईएसमध्ये चुकीच्या किल्लीनेही मजकूर उलगडतो, पण तो निरर्थक निघतो. एजंटला त्याचा अर्थ लागत नाही आणि तो संदेश टाकून देतो. म्हणून येथे नकाराऐवजी बहुधा मौन मिळते. याउलट ‘ही पायरी उपलब्ध नाही’ असे उत्तर आले, तर वापरकर्त्यासाठी गोपनीयतेची किल्ली मुळात ठरवलेलीच नाही.

६. ओळख पटली, पण माहिती अपुरी येते. चालू असण्याची वेळ कळते, पण तारांची आकडेवारी येत नाही, अशी तक्रार असेल तर दोष पासवर्डचा नाही, व्ह्यूचा आहे. गटाला त्या भागाची परवानगी द्यावी. संपूर्ण झाड उघडू नये.

७. एक प्रश्न विचारला तर उत्तर येते, पण मोठी यादी मागितली की संवाद लटकतो. मोठे उत्तर वाटेत तुकड्यांत विभागले जाते आणि एखादा तुकडा हरवतो. दोन शाखांना जोडणाऱ्या सुरक्षित बोगद्यातून संवाद होत असेल तर हे विशेषकरून घडते. एका वेळी कमी ओळी मागाव्यात. राउटर कामाच्या भाराखाली असेल तर उत्तराची वाट पाहण्याची मुदत वाढवावी. नेट-एसएनएमपी मूळ मांडणीत एका प्रश्नासाठी एकच सेकंद थांबते आणि मग पुन्हा विचारते.

सहा आकड्यांची रक्ततपासणी

तिसऱ्या आवृत्तीच्या प्रत्येक एजंटमध्ये सहा गणक असतात. जे संदेश नाकारले, ते कोणत्या कारणाने नाकारले याची मोजणी ते करतात. ते क्रमाने असे : न पुरवलेली सुरक्षा पायरी, वेळेच्या मर्यादेबाहेरचा संदेश, अपरिचित वापरकर्ता, अपरिचित इंजिन आयडी, चुकीची सही आणि उलगडा न होणारा मजकूर. एक अयशस्वी प्रश्न पाठवण्यापूर्वी आणि नंतर हे आकडे राउटरवर पाहावेत. जो आकडा वाढला, तो आजाराचे नाव सांगतो.

येथे एक सावधगिरी हवी. ‘अपरिचित इंजिन आयडी’ आणि ‘वेळेच्या मर्यादेबाहेर’ हे दोन आकडे निरोगी अवस्थेतही थोडे वाढतात. नव्या संवादाच्या आरंभी देखरेखीच्या संगणकाला राउटरचा क्रमांक आणि त्याची वेळ माहीत नसते. तो मुद्दाम अपुरा प्रश्न पाठवतो आणि मिळालेल्या नकारातूनच या दोन गोष्टी शिकतो. त्यामुळे एखाददुसऱ्या नकारावरून रोग ठरवू नये.

वेळेचा नकार सतत येत राहिला, तर मात्र दोन कारणे शोधावीत. एक, राउटर मूळ कारखाना-स्थितीत नेल्यामुळे ‘किती वेळा सुरू झालो’ हा आकडा मागे गेला आहे आणि देखरेखीचा संगणक जुन्या, मोठ्या आकड्याला धरून बसला आहे. दोन, एकाच मांडणीची नक्कल करून बसवलेल्या दोन उपकरणांना एकच इंजिन आयडी मिळाला आहे. जुळ्या बाळांच्या मनगटांवर एकाच नावाची पट्टी बांधली तर नोंदवहीत जो गोंधळ होईल, तोच येथे होतो. उपाय अर्थातच प्रत्येकाला वेगळा क्रमांक देण्याचा. आणि क्रमांक बदलल्यावर वापरकर्ते नव्याने निर्माण करण्याचा.

रुग्णालयप्रमुखांनी एवढे तरी पाहावे

वरील पायऱ्या प्रत्येक डॉक्टरने स्वतः कराव्यात, असा माझा आग्रह नाही. परंतु ज्याला हे काम सोपवले आहे, त्याला काही प्रश्न विचारण्याचा अधिकार आपला आहे, आणि ते कर्तव्यही आहे.

राउटर बदलल्यावर देखरेख चालू झाल्याची खात्री झाल्याखेरीज काम पूर्ण झाले असे मानू नये. वापरकर्त्याचे नाव, सहीची पद्धत, गोपनीयतेची पद्धत आणि गट यांची नोंद लेखी असावी. पासवर्ड त्याच कागदावर नसावेत, ते वेगळ्या बंद पाकिटात जबाबदार व्यक्तीकडे असावेत. सहीचा आणि गोपनीयतेचा पासवर्ड एकच ठेवू नये, आणि दोन्ही आठ अक्षरांहून बरेच लांब असावेत. देखरेखीच्या वापरकर्त्याला वाचण्यापुरताच अधिकार द्यावा. पहिल्या दोन आवृत्त्या बंद आहेत ना, हे विचारावे. तिसरी चालू केली पण ‘पब्लिक’ काढले नाही, तर पुढच्या दाराला नवे कुलूप लावून मागचे दार उघडे ठेवल्यासारखे होते. तपासणीसाठी तात्पुरता वापरकर्ता केला असेल, तर शस्त्रक्रियेनंतर कापसाचे बोळे मोजतात तसे मोजून तो काढून टाकावा.

तिसरी आवृत्ती बसवली म्हणजे कायमची निश्चिंती झाली, असेही नाही. जून २००८ मध्ये तिच्या अनेक अंमलबजावण्यांत असा दोष उघडकीस आला, की सहीचा केवळ पहिला बाइट जुळला तरी संदेश खरा मानला जाई. २५६ प्रयत्नांत एखादा सहज जुळावा. दुरुस्त्या झाल्या, पण त्या ज्यांनी घातल्या त्यांच्याचपुरत्या. लस टोचून घेतल्यावर बूस्टरची तारीख पाळावी लागते, तशी उपकरणे वेळोवेळी अद्ययावत करावी लागतात.

आपल्या देशाचे नियमही लक्षात असावेत. सायबर सुरक्षेची राष्ट्रीय संस्था सर्ट-इन हिने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या सायबर घटना कळल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात, नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि संगणकांची घड्याळे राष्ट्रीय प्रमाणवेळेशी जुळवून ठेवावी लागतात. एसएनएमपीची वेळ आणि हे घड्याळ या भिन्न गोष्टी आहेत, हे वर आलेच आहे. परंतु राउटरच्या नोंदीत एक वेळ आणि देखरेखीच्या नोंदीत दुसरी वेळ असेल, तर रात्री अडीच वाजता काय घडले याचा शोध लागणे दुरापास्त होते.

शेवटी मुद्दा तंत्रापेक्षा वृत्तीचा आहे. ताप दिसला की कारण न शोधता प्रतिजैविक देऊन मोकळे होण्याविरुद्ध आपण वैद्यक व्यवसायात आयुष्यभर बोलत आलो आहोत. राउटर उत्तर देत नाही म्हणून त्याचे संरक्षण काढणे ही त्याच मोहाची दुसरी आवृत्ती आहे. तिसऱ्या आवृत्तीच्या तीन पायऱ्या याच निदानाचीही शिडी आहेत. प्रत्येक पायरीवरचा नकार काहीतरी शिकवून जातो. तो ऐकण्याचा धीर ठेवला, तर कुलूप शाबूत ठेवून दार उघडता येते. आपल्या रुग्णालयाचा राउटर आज कोणत्या आवृत्तीत बोलतो आहे, एवढा एक प्रश्न प्रत्येक वाचक डॉक्टरांनी या आठवड्यात आपल्या तंत्रज्ञाला अवश्य विचारावा, ही विनंती.